नावाविना प्रार्थना

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार. भोरच्या आमच्या देवळात सकाळच्या उपासनेला पुरुष एकोणीस, बायका सव्वीस, मुलं अकरा, एकूण छप्पन्न जण हजर. अर्पण एक हजार सातशे दहा रुपये. उपासनेनंतर मागच्या खोलीत पंचांची सभा. हजर: पुण्याहून येणारे पाळकसाहेब, आम्ही पाच पंच, आणि ज्यांच्याबद्दल सभा होती ते शमुवेल गुरुजी. विषय एकच. गुरुजींनी यापुढं उपासनेत वाचन आणि प्रार्थना करावी की करू नये.

हे इतिवृत्त माझ्या हातचं आहे. मी मंडळीचा खजिनदार, आणि चिटणीस व्हायला कुणी तयार नसल्यामुळं चिटणीसही. आठवडाभर पतसंस्थेत रोखपालाचं काम करतो, त्यामुळं मोजायची सवय आहे. दर रविवारी मी माणसं मोजतो. सहा आठवड्यांपूर्वी त्याच देवळात त्र्याऐंशी माणसं होती. सत्तावीस कमी झाली. ती कुठं परगावी गेली नव्हती. भोर, उत्रोली आणि किकवी इथं आपापल्या घरी होती, बाजारात दिसत होती, फक्त देवळात येत नव्हती.

ती का गेली हे सांगायचं तर आधी गुरुजी कसे होते ते सांगायला हवं.

गुरुजी उत्रोलीत राहत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली चौदा विंझरला. पेन्शनीत निघाले तरी रविवारची शाळा सोडली नाही. मंडळीत आज पन्नाशीच्या आतलं जे कुणी आहे त्याला बायबलची वचनं दुरेघी वहीत त्यांनीच लिहायला लावली. मी, माझा धाकटा भाऊ सुधीर, आमच्या बायका, आमची मुलं, सगळे त्या दुरेघीतून गेलो. न सही केलेला कागद पुढं ठेवला तरी ते सांगत कुणाचा आहे. "काना सरळ काढायला किती वेळा सांगितलं होतं," असं म्हणून चाळिशीतल्या माणसाकडं बघत.

उपासना साडेनऊला. गुरुजी पावणेनऊला हजर. सायकल भिंतीला टेकवायची, पॅन्टची क्लिप काढून खिशात टाकायची, आणि बाकं पुसायला घ्यायची. बाकं बारा. पुसताना ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत. मला वाटायचं, स्तोत्र असेल. एकदा लवकर गेलो तेव्हा ऐकू आलं. "याकोब. त्याची सून. तिचा दमा. इथं किकवीचा मोझेस, त्याचं विहिरीचं भांडण." कोण कुठं बसतं त्याप्रमाणं ते बाक पुसत होते.

वाचताना ओळीखाली पुठ्ठ्याची एक पट्टी धरत. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीला पोचायचा. आमच्या उपासनेत अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना असते. बाकीच्या मंडळ्यांत नावं घेतात. गुरुजी कधी घेत नसत. ते खुर्च्यांसाठी प्रार्थना करत. पंतप्रधानाच्या खुर्चीसाठी, मुख्यमंत्र्याच्या, आमदाराच्या, नगराध्यक्षाच्या, तहसीलदाराच्या, सरपंचाच्या आणि शेवटी तलाठ्याच्या. क्रम ठरलेला. मुलं तलाठ्याची वाट बघत, कारण तो आला की आमेन जवळ. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, "गुरुजी, तलाठी कशाला? यादी लांबते."

"साहेब, वरच्या सगळ्यांसाठी देशभर प्रार्थना होतात. तलाठ्यासाठी कोण करणार? आणि काम तर त्याच्याशीच पडतं."

"मग नाव तरी घ्या त्याचं."

"बदली होते. देवाला उगाच जुनं नाव द्यायचं."

हे हसण्यावारी गेलं. पण नाव का घेत नाहीत ते आम्हाला ठाऊक होतं. भोरसारख्या गावात आमची घरं ती किती. त्यातली निम्मी एका गटात, निम्मी दुसऱ्यात. कुणाचा मुलगा इकडच्या पुढाऱ्याची गाडी चालवतो, कुणाची सून तिकडच्या पुढाऱ्याच्या बचतगटात. सोमवार ते शनिवार एकमेकांकडं बघत नसलेली माणसं रविवारी एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेत. गुरुजींचा सगळा आटापिटा ते चालू राहावं यासाठी होता.

देवळाच्या पडवीत छत्र्या अडकवायला खुंट्या आहेत, नऊ. निवडणूक लागली की गुरुजी दारात उभे राहत. कुणी प्रचारातून तसाच गळ्यात उपरणं घालून आला की म्हणत, "गळ्यातलं खुंटीला. बाहेर ठेवलं म्हणून विटत नाही." एका निवडणुकीत उपासना सुटल्यावर उपरण्यांची अदलाबदल झाली. याकोबआजोबा घरापर्यंत जाऊन परत आले.

"गुरुजी, ह्ये माजं न्हाई. दुसऱ्या पार्टीचं हाय. सून घरात घ्यायची न्हाई मला."

गुरुजींनी कापड दोन बोटांत धरून बघितलं. "सूत चांगलं आहे. भाकरी गुंडाळायला वापर."

पुढाऱ्यांशी ते फटकून वागत असं मात्र नाही. चार वर्षांपूर्वी नाताळला रमेशभाऊ आले होते. रमेशभाऊ म्हणजे आमच्या प्रभागातले वजनदार गृहस्थ, निवडणूक लढवायची तयारी तेव्हापासून चालू. रस्त्यावर त्यांचा शुभेच्छांचा फलक लागला होता, त्यात तारा बटाट्याएवढा आणि भाऊंचा चेहरा घंगाळाएवढा. आत आले, पुढच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द बोलू का?"

"बोलायचं काम पाळकांचं आहे, भाऊ. माझ्याकडं वाचायचं आहे. त्यातलं अर्धं तुम्हाला देतो. वाचता?"

आणि खरंच पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्या हातात दिली. मरीया आणि योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमला जातात तो भाग भाऊंनी वाचला. अडखळले, गुरुजींनी बाजूनं शब्द पुरवला. लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं. जाताना भाऊंनी पाकीट काढलं. "मंडळीला पाच हजार. जरा माईकवरून सांगा."

"पेटी दाराजवळ आहे. सगळे तिथंच टाकतात आणि पुढं जातात."

पेटी मीच उघडतो. त्या दिवशी त्यात एकही पाकीट नव्हतं आणि पाचशेची नोटही नव्हती. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "वाचन चांगलं केलं त्यांनी. तेवढं लिही."

गेल्या निवडणुकीला रमेशभाऊ उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आमच्याच मंडळीतल्या राहेलताई. त्यांची भोरात पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं देवळात त्यांचा आमेन सगळ्यांच्या वर ऐकू येतो. अर्ज भरला त्या रविवारी मी अर्पण मोजत होतो, गुरुजी गीतांची पुस्तकं रचत होते. राहेलताई आल्या त्या थेट मुद्द्यावर.

"गुरुजी, फुडच्या रविवारी प्रार्थनेत माजं नाव घ्या."

"घेतो की. गुडघा कसा आहे?"

"गुडघ्यासाठी न्हाई, विलेक्शनसाठी."

"गुडघ्यासाठी घेतो."

"गुडघ्याला मतं पडत न्हाईत, गुरुजी!"

"म्हणूनच त्याच्यासाठी करता येते. राहेल, दुखण्याला पक्ष नसतो. त्याच्यासाठी मी कुणाचंही नाव घेईन."

"आपल्यातली पयली बाई हुबी राहतीय. तुमास्नी काईच वाटत न्हाई?"

"वाटतं. मत कुणाला देणार ते सांगत नाही, पण तू उभी राहिलीस त्याचा आनंद आहे. पण इथं उभं राहून मी तुझं नाव घेतलं, की तिसऱ्या बाकावरचा आमेन कसा म्हणेल? तो रमेशभाऊंची गाडी चालवतो. त्याला गप्प बसवायला मी इथं उभा राहतो का?"

राहेलताई काही वेळ फणफणल्या. मग म्हणाल्या, "तुमचं डोस्कं म्हंजे जात्याची खालची तळी. हालायचं नाव न्हाई." आणि पुढच्या रविवारी पेढे घेऊन आल्या. गुरुजींनी दोन खाल्ले.

आता चिठ्ठ्यांबद्दल. दाराजवळ बिस्किटाचा एक रिकामा डबा असतो. ज्याला प्रार्थना करवून घ्यायची असेल तो त्यात चिठ्ठी टाकतो. गुरुजी त्या वाचतात, उपासनेत प्रार्थना करतात, मग घरी नेतात आणि रोज पहाटे पुन्हा करतात. माणूस बरा झाला, नोकरी लागली, की चिठ्ठी ज्याची त्याला परत. "काम झालं," एवढंच म्हणतात.

प्रचाराचे दिवस होते. एका रविवारी डब्यात सहा चिठ्ठ्या निघाल्या. पाच आमच्यातल्या आजाऱ्यांच्या. सहावीत लिहिलं होतं की रमेशभाऊंच्या छातीत दुखतं, ऑपरेशन सांगितलं आहे, बाहेर बोलत नाहीत, प्रार्थना करावी. खाली सही नव्हती.

गुरुजी क्षणभर थांबले. ते मी पाहिलं. मग त्यांनी सहाही नावं घेतली, आणि रमेशभाऊंसाठी थोडी जास्तच प्रार्थना केली. त्यांना बळ मिळू दे, घरच्यांना धीर दे, त्यांच्यावर तुझा हात असू दे, त्यांच्या हातून राहिलेलं काम पुरं होऊ दे. आम्ही आमेन म्हणालो. त्र्याऐंशी माणसांचा आमेन, आणि त्याच्यावर राहेलताईंचा. विरोधात उभ्या असलेल्या माणसाच्या दुखण्यासाठी ती बाई मनापासून आमेन म्हणाली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास पतसंस्थेसमोरून रमेशभाऊंच्या प्रचाराचा टेम्पो गेला. आधी एका पोराचा आवाज: "ऐका, ख्रिस्ती समाजाचे ज्येष्ठ गुरुजी काय म्हणतात!" आणि मग गुरुजी. रमेशभाऊंना बळ दे. त्यांच्यावर तुझा हात असू दे. त्यांच्या हातून राहिलेलं काम पुरं होऊ दे. दुखणं, छाती, ऑपरेशन, त्यातलं काही नव्हतं. तेवढं कापलेलं. शेवटी आमचा सगळ्यांचा आमेन. त्यात राहेलताईंचा स्वतःचा आवाज ओळखू येत होता. तो टेम्पो त्यांच्या गिरणीवरून दिवसातून चार वेळा गेला.

रमेशभाऊ त्या दिवशी पदयात्रेत सगळ्यात पुढं होते. छातीला काही झालेलं नव्हतं.

आमच्या उपासनेचं ध्वनिमुद्रण होतं. टाळेबंदीपासूनची पद्धत. घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांसाठी ते मोबाईलच्या गटावर पाठवतात. त्या गटात नव्वदएक जण आहेत, त्यामुळं कुणीही कापलेलं असू शकत होतं. संशय कुणा एकावर नव्हता.

त्याच संध्याकाळी सुधीर मागच्या अंगणात हात धूत होता. सुधीरचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. देवळातला माईकही तोच बघतो. आम्ही दोघं एका घरात, एका चुलीवर. मी म्हणालो, "गुरुजींचं कुणी केलं असेल रे हे?"

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "दादा, बोलू नकोस कुणाला. चिठ्ठी मीच टाकली."

"कशासाठी?" मी विचारलं.

"भाऊंच्या पोरांनी सांगितलं, एवढं करून दे, म्हंजे प्रचाराचं सगळं साउंड तुझं. तीन आठवड्यांचं काम, दादा. शिवाय पुढं गणपती, जयंत्या, सगळं. यात वाईट काय झालं? प्रार्थनाच तर केली म्हाताऱ्यानं. शिवी तर दिली नाही."

"भाऊ आजारी आहेत असं लिहिलंस तू."

"सगळीकडं चालतंय हे. तू पतसंस्थेत बसतोस, तुला बाहेरचं कळत नाही."

जेवायला बसलो तेव्हा त्याच्या दोन्ही मुली माझ्या ताटातलं लोणचं उचलत होत्या. मी जेवलो.

पुढच्या रविवारी गुरुजींनी वाचनाआधी सांगितलं की ती प्रार्थना आजाऱ्यासाठी होती, चिठ्ठी आली होती. राहेलताई जागेवर उभ्या राहिल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या ते आठवतं.

"दावा चिठ्ठी."

"चिठ्ठी देवाला लिहिलेली असते, राहेल. मी पोस्टमन. पोस्टमननं पाकीट फोडून गल्लीत दाखवायचं नसतं."

"मंग चिठ्ठी नव्हतीच असं आमी समजू."

"तसं समजू नकोस."

"म्या मागितलं तवा गुडघा दावला मला. आन त्याच्यासाठी तोंड भरून! माज्या आमेनसकट इकलंत मला, गुरुजी."

त्यांच्याकडची सात घरं उठून गेली. सात घरं म्हणजे सत्तावीस माणसं. महिन्याभरात मतदान झालं, निकाल लागला. राहेलताई अडतीस मतांनी पडल्या. विजयाच्या मिरवणुकीत स्पीकर सुधीरचे होते.

आता सभेबद्दल. तिघा पंचांचं म्हणणं, गुरुजी बाजूला झाले तर सात घरं परत येतील. एकाचं म्हणणं, चाळीस वर्षांच्या सेवेवर असं पाणी ओतू नये. पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठी असेल तर ती पुढं ठेवा. विषय इथंच संपेल."

गुरुजी म्हणाले, "चिठ्ठी आहे. ठेवणार नाही."

"कुणाची ते तुम्हाला कळलं आहे का?"

"कुणाची असेल ते देवाला कळलं आहे."

हे बोलताना ते टेबलाकडं बघत होते. माझ्याकडं बघितलं नाही. त्या खोलीत चिठ्ठी कुणाची हे ठाऊक असलेली दोन माणसं होती, एक ते आणि एक मी. ते बोलले नाहीत याचं कारण मला नंतर समजलं. माझं कारण मला तेव्हाच ठाऊक होतं. मी बोललो असतो तर सुधीरचं नाव फुटलं असतं, घर फुटलं असतं, त्याचा धंदा गेला असता. तीन विरुद्ध एक. पाचवं मत माझं होतं, ते मी दिलं नाही. "तटस्थ" असं लिहिलं. गुरुजींनी उठून माईकची किल्ली आणि पुठ्ठ्याची पट्टी टेबलावर ठेवली आणि पाळकसाहेबांना सांगितलं, "पुढच्या रविवारचं वाचन यशयाच्या पुस्तकातलं आहे. लांब आहे. ज्याला द्याल त्याला शनिवारी सांगा."

सात घरांतलं एकही परत आलं नाही.

सभेनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. सुधीर कामावर होता. माझ्या बायकोनं चहा केला. गुरुजींनी सुधीरच्या मुलींना या रविवारी कोणतं वचन पाठ करायचं ते विचारलं, एकीचं चुकलं ते दुरुस्त केलं. मुली आत गेल्यावर खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"सुधीरला दे. माणूस बरा झाला. मिरवणुकीत चांगला नाचताना बघितला मी."

मी घडी उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. गुरुजी बशीतून चहा पीत होते. त्या मुलींकडं बघितलं तेव्हा मला कळलं, ते का बोलले नाहीत. नाव सांगितलं असतं तर सत्तावीस परत आली असती, पण आमच्या घरची आणि भावकीची चौदा माणसं देवळात मान वर करून बसू शकली नसती. त्यांनी बाक पुसताना बहुधा हाच हिशेब केला असेल. माझ्यापुढं सगळं सांगायची ती वेळ होती. मी विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पॅन्टला क्लिप लावून सायकलवरून गेले.

मार्चच्या शेवटच्या दिवशी पतसंस्थेत गर्दी असते. दुपारी खिडकीत मान वर केली तर रांगेत गुरुजी, टोकन घेऊन. त्यांचं खातं आमच्याकडं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, आत या की."

"रांगेतच ठीक आहे."

नंबर आल्यावर त्यांनी बेचाळीसशे रुपये आणि एक कागद आत सरकवला. कागदावर सात कुटुंबांची नावं. आमच्या मंडळीची वर्गणी घरटी वर्षाला सहाशे. एकतीस मार्चपर्यंत भरली नाही की ते घर सभासदांच्या यादीतून निघतं. मग वार्षिक सभेत मत नाही, आणि घरात कुणी वारलं तर आपल्याच दफनभूमीत जागेसाठी पंचांकडं अर्ज करावा लागतो. त्या सात घरांनी भरली नव्हती. यादी दुसऱ्या दिवशी मीच करणार होतो.

"त्यांनी सांगितलंय भरायला?"

"नाही. पण उद्या तू त्यांना काढशील. नियमानं काढशील. काढलेलं माणूस परत येत नाही, प्रकाश. न आलेलं येऊ शकतं." मग म्हणाले, "पावत्या तूच नेऊन दे. पोस्टानं नको."

पेन्शनवर जगणाऱ्या माणसानं हे पैसे कुठून काढले ते मी विचारलं नाही. सात पावत्या केल्या.

राहेलताईंच्या गिरणीवर मी आठ दिवसांनी गेलो. आठ दिवस लागले. पट्टा थांबवून त्या बाहेर आल्या, हातभर पीठ.

"पावती? म्या तर भरली न्हाई."

"गुरुजींनी भरली. सातही घरांची."

"का? आता टोचतंय व्हय?"

मी म्हणालो, "ताई, चिठ्ठी होती. सुधीरनं टाकली होती. साउंडच्या कामासाठी."

त्यांनी पदरानं हात पुसले, एकेक बोट. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"टेम्पो आला त्या दिवसापासून."

"मीटिंगच्या आदी?"

"आधी."

त्या आत गेल्या आणि शंभराच्या सहा नोटा घेऊन आल्या. "ही माजी वर्गणी, माज्या पैशाची. त्येंचं त्यास्नी दे, हातात दे. आन प्रकाश, तू लई हुशार माणूस. माज्या दारात पुन्यांदा यायचं न्हाई."

बाकीच्या सहा घरांनी पावत्या ठेवून घेतल्या. सुधीरला मी सगळं सांगितलं. आमच्या घरात आता दोन चुली आहेत. देवळातला माईक अजून तोच बघतो, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही.

गुरुजी तोवर उत्रोलीचं घर बंद करून वेल्ह्याला गेले होते. तिथं त्यांची मुलगी नोकरीला आहे. दुसऱ्या शनिवारी पतसंस्था बंद असते. नसरापूर फाट्याला गाडी बदलून विंझरवरून मी वेल्ह्याला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. गुरुजी ओसरीत खुर्चीवर होते. वाळले होते. मी नोटा दिल्या आणि राहेलताई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या बाबतीतलं धरून.

"म्हणजे तिनं स्वतःची भरली?"

"भरली."

"उपासनेला आली?"

"अजून नाही."

"येईल ती. भांडायला का होईना, येईल." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मी म्हणालो, "गुरुजी, सभेच्या दिवशी मला माहीत होतं."

"ठाऊक आहे. त्या दिवसाच्या इतिवृत्तात तू दोनदा खाडाखोड केलीस. एरवी तुझ्या वहीत काट नसते."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"मी तुझी वाट बघत होतो. सुधीरचं मला एवढं नाही, तो धंदा करतो, त्यात घसरला. तुझ्याकडं मी मंडळीचा पैसा दिला होता, प्रकाश. माणसांची मोजणीही दिली होती." क्षमा केली असंही म्हणाले नाहीत, नाही केली असंही नाही. आतून मुलीनं विचारलं, पाहुणे जेवणार का. गुरुजी म्हणाले, "त्याची एकची गाडी आहे."

उत्रोलीला असताना ते आलेल्या माणसाला रस्त्यापर्यंत सोडायला येत, पायात चप्पल नसली तरी. मी उठलो तेव्हा ते उठले नाहीत. फाटकाशी जाऊन मागं वळून पाहिलं. गुरुजी नोटा मोजत होते. सहाच नोटा, एकदा मोजल्या, मांडीवर सारख्या केल्या, पुन्हा मोजल्या. इतक्या वर्षांत माझ्या हातून घेतलेले पैसे त्यांनी कधी मोजले नव्हते.

सहाशे रुपये, रोख, शमुवेल गुरुजींना दिले.